जर्मनीला हरवलं कुणी? हिशोबाच्या वहीतलं निझामाचं पान

हैदराबाद (सीमाभाग प्रतिनिधी) : मे महिना आला की हा वाद ठरलेला. 8 मे हा युरोपातला विजयदिन, 9 मे रशियाचा. त्या दोन दिवसांत मोबाइलवर जुने फोटो फिरतात आणि सीमेवरच्या आमच्या चहाच्या टपरीवर दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, जर्मनीला रशियानं हरवलं, बाकीचे नुसते फोटो काढायला आले. दुसरी म्हणते, अमेरिकेचा पैसा आणि माल नसता तर रशियाला चालायला बूटही नसते. मधेच कुणीतरी इंग्लंडचं नाव घेतं, त्यावर सगळे हसतात.

या वादात एक नाव कुणीच घेत नाही. ते नाव आहे हैदराबादच्या सातव्या निझामाचं, मीर उस्मान अली खानचं. तुम्ही म्हणाल, त्याचा आणि जर्मनीचा काय संबंध? संबंध आहे, आणि बिलोली-देगलूरपासून बीड-उस्मानाबादपर्यंतच्या आपल्या माणसांचाही आहे. कारण या माणसानं दोन्ही महायुद्धांत जर्मनीविरुद्ध जो पैसा ओतला, तो ज्या खजिन्यातून गेला त्यात आपल्या आजोबा-पणजोबांचा शेतसारा होता. आम्ही पडलो कॉमर्सवाले. जमा कुणाची आणि खर्च कुणाच्या नावे पडला, हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून आज या माणसाची गोष्ट, जरा हिशोबानं.

पुरानी हवेलीतला वारस

उस्मान अलीचा जन्म 6 एप्रिल 1886 चा, हैदराबादच्या पुरानी हवेलीतला. वडील महबूब अली खान, सहावे निझाम. ते शौकीन आणि उदार म्हणून प्रजेत लोकप्रिय होते. 1908 च्या सप्टेंबरात मुसी नदीला महापूर आला, हजारो माणसं गेली, अर्धं शहर वाहून गेलं. तेव्हा राजपुत्र बावीस वर्षांचा होता. ऑगस्ट 1911 मध्ये महबूब अली वारले आणि पंचविशीतला उस्मान अली गादीवर बसला.

राज्य केवढं? जवळपास 82 हजार चौरस मैल. स्वतःचं नाणं, स्वतःचं टपाल, पुढं स्वतःची रेल्वेसुद्धा. तेलुगू बोलणारे सुमारे निम्मे, मराठी बोलणारे चौथ्या हिश्श्याच्या आसपास, शिवाय कानडी आणि उर्दू. आपले औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाचही जिल्हे त्यात. पलीकडचे लोक आपल्याला मोगलाईतले म्हणायचे, आणि आपले म्हातारे स्वतःही तसंच म्हणायचे. मोगलाईत चालायचा हाली सिक्का, इंग्रजी मुलखात कलदार. शंभर कलदार घ्यायचे तर हाली एकशे सोळा-सतरा मोजावे लागायचे. सीमेवरच्या बाजारात हा फरक लहान पोरालाही पाठ असायचा.

सुरुवातीला तरुण सालारजंग दिवाण होते. 1914 मध्ये ते बाजूला झाले आणि पुढची पाच वर्षं उस्मान अलीनं दिवाण न नेमता स्वतःच कारभार हाकला. म्हणजे पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा हैदराबादची तिजोरी आणि तिची किल्ली एकाच माणसाच्या हातात होती.

खलिफा एकीकडं, इंग्रज दुसरीकडं

1914 च्या शेवटी तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूनं युद्धात उतरला. तुर्कस्तानचा सुलतान म्हणजे जगभरच्या सुन्नी मुसलमानांचा खलिफा. त्यानं इंग्रजांविरुद्ध जिहाद पुकारला. आता हिंदुस्थानातले मुसलमान काय करणार, या विचारानं इंग्रजांच्या पोटात गोळा आला. त्यांनी पाहिलं हैदराबादकडं, कारण देशातला सर्वांत मोठा मुसलमान राजा तिथं होता.

उस्मान अलीनं फारसा वेळ लावला नाही. त्यानं फर्मान काढून मुसलमानांना इंग्रज सरकारशी एकनिष्ठ राहायला सांगितलं. इंग्रजांच्या दृष्टीनं या एका कागदाची किंमत कित्येक पलटणींएवढी होती. त्याच्या जोडीला रोख रक्कम आली. युद्धाच्या सुरुवातीलाच 60 लाख रुपये देऊ केले गेले, विसावी डेक्कन हॉर्स आणि हैदराबाद लान्सर्स या दोन घोडदळांच्या खर्चासाठी.

डेक्कन हॉर्स फ्रान्समध्ये गेली. 14 जुलै 1916 ला सोमच्या लढाईत हाय वूड नावाच्या जंगलापाशी या घोडेस्वारांनी भाले घेऊन जर्मनांवर चाल केली. समोर मशीनगन आणि हातात भाला, कल्पना करा. त्या रेजिमेंटमध्ये शीख आणि जाटांबरोबर दख्खनी मुसलमानही होते. हैदराबाद लान्सर्स गेले इजिप्त आणि पॅलेस्टाइनला, सुएझ कालव्याच्या रक्षणाला आणि तिथून पुढं तुर्कांविरुद्धच्या मोहिमेत. 23 सप्टेंबर 1918 ला हैफा शहर घेणारे जोधपूर आणि म्हैसूरचे स्वार याच ब्रिगेडचे. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकात जे तीन दगडी-ब्राँझचे शिपाई उभे आहेत, त्यांतला एक हैदराबादचा, हे किती जणांना माहीत आहे?

सर्वांत नवलाची गोष्ट विमानांची. 1918 मध्ये इंग्लंडच्या हवाई दलाच्या 110 क्रमांकाच्या तुकडीला जी डीएच-9ए बॉम्बफेकी विमानं मिळाली, ती निझामाची भेट होती. म्हणून त्या तुकडीचं नावच हैदराबाद स्क्वाड्रन पडलं. विमान इंग्लंडच्या बांधणीचं, इंजिन अमेरिकेचं लिबर्टी, आणि पैसा मोगलाईचा. सप्टेंबर 1918 पासून ही विमानं फ्रान्समधून उडून जर्मनीच्या आतल्या शहरांवर बॉम्ब टाकत होती. नुकसानही जबर झालं, दोन महिन्यांत बरीच विमानं परत आलीच नाहीत.

त्यातलं एक 5 ऑक्टोबर 1918 ला जर्मनांच्या हाती लागलं. त्यांनी ते बर्लिनला संग्रहालयात ठेवलं. दुसऱ्या महायुद्धात ते पोलंडला गेलं आणि 1977 मध्ये इंग्लंडला परत आलं. आज ते लंडनच्या हवाई दल संग्रहालयात आहे, आणि निझामानं दिल्याची नोंद त्याच्या अंगावर लिहिलेली आहे.

इंग्रजांनी या सगळ्याची परतफेड कशी केली? पदव्या देऊन. बाकीचे राजे नुसते हिज हायनेस, निझाम 1918 पासून हिज एक्झाल्टेड हायनेस. वर ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त, यार-ए-वफादार, हा किताब. वऱ्हाड मात्र परत मिळालं नाही. 1902 पासून इंग्रजांकडं कायमच्या भाडेपट्ट्यानं गेलेला तो सुपीक मुलूख उस्मान अलीनं पुढं अनेकदा मागितला आणि प्रत्येक वेळी नकार आला.

आणखी एक गंमत बघा. ज्या खलिफाच्या विरोधात निझामानं फर्मान काढलं, त्याच घराण्यातला शेवटचा खलिफा 1924 मध्ये तुर्कांनी देशाबाहेर घालवला, तेव्हा त्याला दरमहा पेन्शन सुरू केली निझामानंच. 1931 मध्ये फ्रान्सच्या नीस शहरात त्या खलिफाची मुलगी दुर्रुशेहवार आणि नात्यातली निलोफर या दोघी निझामाच्या सुना झाल्या.

बांधलं पुष्कळ, पण कुठं?

उस्मान अली नुसता इंग्रजांना पैसे वाटत बसला असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यानं बांधलंही पुष्कळ. मुसीच्या पुराचा धडा घेऊन उस्मानसागर आणि हिमायतसागर ही धरणं झाली. 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं, देशी भाषेतून, म्हणजे उर्दूतून, सगळं उच्च शिक्षण देणारं. डॉक्टरीसुद्धा उर्दूतून! उस्मानिया दवाखाना, हायकोर्ट, मांजरेवरचं निझामसागर, राज्याची बँक. आजही हैदराबादला गेलात तर ज्या इमारतींसमोर मान वर करून उभं राहावं लागतं, त्यांतल्या बऱ्याच याच्या काळातल्या.

पण यादी पुन्हा वाचा. त्यात आपल्या पाच जिल्ह्यांतलं काय? मांजरा आपल्याकडून वाहत जाते आणि निझामसागरचं पाणी निजामाबादच्या शेतात जातं. उर्दू ज्याची भाषा नाही अशा शेतकऱ्याच्या पोराला विद्यापीठाचं दार उंचच होतं. खुद्द हैदराबादेत मराठी लोकांनी 1907 मध्ये स्वतःच्या खिशातून विवेकवर्धिनी शाळा काढली, म्हणून तिथं मराठी टिकली. नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं ते 1950 मध्ये, निझामाची सत्ता गेल्यावर, स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रयत्नांतून.

फेब्रुवारी 1937 मध्ये अमेरिकेच्या टाइम मासिकानं उस्मान अलीला जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापलं. घरी हा माणूस जुनी टोपी, मळकी शेरवानी घालायचा आणि स्वस्तातल्या सिगारेटी ओढायचा. जेकब हिरा त्याच्याकडं कागदांवरचं वजन म्हणून पडून असायचा, हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. स्वतःवर दमडी न खर्चणारा हा माणूस इंग्रजांच्या लढाईसाठी मात्र हात आखडत नव्हता.

त्याच वर्षी परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं. पुढच्या वर्षी स्टेट काँग्रेसवर जन्माच्या आधीच बंदी आली. सभा घ्यायची तर परवानगी, संघटना काढायची तर परवानगी. 1938 मध्ये वंदे मातरम् म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना वसतिगृहातून आणि कॉलेजातून काढलं गेलं.

दुसरं युद्ध : विमानं, जहाज आणि लेव्ही

3 सप्टेंबर 1939 ला इंग्लंडनं जर्मनीशी युद्ध पुकारलं. दुसऱ्याच दिवशी, 4 तारखेला, इंग्लंडच्या विमानांनी विल्हेल्म्सहाफेन बंदरातल्या जर्मन युद्धनौकांवर हल्ला चढवला. त्या युद्धातला हा इंग्लंडचा पहिला हवाई बॉम्बहल्ला. त्यात पुढं होती तीच 110 क्रमांकाची हैदराबाद स्क्वाड्रन.

निझामानं पुन्हा थैली सोडली. 152 क्रमांकाची तुकडी हैदराबादच्या नावानं उभी राहिली. तिला स्पिटफायर विमानं मिळाली, तिच्या चिन्हावर निझामाची दस्तार आली, आणि ब्रीद ठेवलं विश्वासू दोस्त याच अर्थाचं. 1940 च्या उन्हाळ्यात जर्मन विमानं रोज इंग्लंडवर चालून येत होती, तेव्हा दक्षिण किनाऱ्यावरच्या वॉर्मवेल तळावरून ही तुकडी लढली. 253 क्रमांकाची हैदराबाद स्टेट स्क्वाड्रन हरिकेन विमानं घेऊन त्याच लढाईत होती. म्हणजे ब्रिटन वाचलं त्या लढाईत हैदराबादच्या नावाच्या दोन तुकड्या आकाशात होत्या. वैमानिक अर्थातच आपले नव्हते.

समुद्रातही तेच. निझाम नावाची विनाशिका स्कॉटलंडमध्ये बांधली गेली आणि 1941 च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाच्या नौदलात दाखल झाली. क्रीट बेटावरून दोस्तांच्या सैनिकांना बाहेर काढायला आणि वेढ्यातल्या तोब्रुकला रसद पोचवायला ती भूमध्य समुद्रात फिरली.

इकडं घरी काय चाललं होतं? बेगमपेठच्या विमानतळावर वैमानिक शिकत होते. 1942 मध्ये आल्विन, 1943 मध्ये प्रागा टूल्स असे कारखाने निघाले. आणि गावोगावी आली लेव्ही. शेतकऱ्यानं ठरलेल्या भावानं ठरलेलं धान्य सरकारात घालायचंच. पिकलं किती, घरात खाणारी तोंडं किती, हे बघणारा माणूस म्हणजे गावचा पाटील-पटवारी आणि वरचा अंमलदार. बड्या देशमुखाची लेव्ही कागदावर भरायची आणि गरिबाची कणगीतून. बाजारात ज्वारीचा भाव आभाळाला भिडलेला आणि सरकारचा भाव जमिनीवर. तेलंगणात पुढं शेतकऱ्यांचा जो सशस्त्र उठाव झाला, त्यामागं ही लेव्हीसुद्धा होती.

मग हरवलं कुणी?

आता टपरीवरच्या वादाकडं येऊ. हिशोब सरळ मांडला तर असा दिसतो.

रक्ताच्या रकान्यात रशिया सगळ्यांच्या फार पुढं आहे. सोव्हिएत संघाची सुमारे 2 कोटी 70 लाख माणसं त्या युद्धात मेली, आणि जर्मन सैन्याचा कणा मोडला तो पूर्वेच्या आघाडीवरच. मालाच्या रकान्यात अमेरिका. तिनं दोस्तांना उधार-मदत म्हणून सुमारे 50 अब्ज डॉलरचा माल दिला. एकट्या रशियाला जवळपास 4 लाख ट्रक आणि जीपगाड्या गेल्या. टिकून राहण्याच्या रकान्यात इंग्लंड. 1940 मध्ये फ्रान्स पडल्यावर त्यानं तह केला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आणि हिंदुस्थान? दुसऱ्या युद्धात सुमारे 25 लाख माणसं फौजेत होती, आफ्रिकेत आणि इटलीत जर्मनांशी लढली. युद्ध संपलं तेव्हा इंग्लंडच हिंदुस्थानचं देणं लागत होतं, सुमारे 130 कोटी पौंड. त्याच काळात 1943 मध्ये बंगालमध्ये दुष्काळानं सुमारे 30 लाख माणसं मेली. हा आकडा कुठल्याच विजयदिनाच्या भाषणात येत नाही.

यात निझामाचं देणं किती? प्रामाणिकपणे सांगायचं तर मोठ्या वहीत एक बारीक ओळ. त्याच्याशिवाय जर्मनी हरली नसती असं कुणी म्हणालं तर ते खोटं. पण 1914 चं ते फर्मान आणि 1940 च्या त्या स्पिटफायर, दोन्ही वेळा इंग्लंडची पाठ भिंतीला लागलेली होती, आणि अशा वेळी आलेल्या मदतीचं मोल आकड्यापेक्षा जास्त असतं. सावकारसुद्धा हे मान्य करील.

खटकतं ते दुसरंच. पैसे देणारा एक आणि नाव दुसऱ्याचं, असं झालं. विमानावर निझाम, जहाजावर निझाम, पदवी निझामाला. सारा भरणाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं. जर्मनीतली हुकूमशाही संपवायला ज्यांनी पैसा दिला, त्यांना आपल्या गावात सभा घ्यायला परवानगी लागत होती.

दोस्तीची किंमत

1947 मध्ये इंग्रज निघाले. उस्मान अलीला वाटलं होतं की एवढ्या वर्षांच्या दोस्तीवर हैदराबाद स्वतंत्र राष्ट्र म्हणून कॉमनवेल्थमध्ये राहील. इंग्लंडच्या सरकारनं नाही म्हणून सांगितलं. विरोधी पक्षात बसलेल्या चर्चिलनं संसदेत निझामाची बाजू घेतली, तेवढंच. 29 नोव्हेंबर 1947 ला भारताशी जैसे थे करार झाला. तोवर राज्यात रझाकारांचं थैमान सुरू झालं होतं, आणि त्यांचा पुढारी कासिम रझवी आपल्या लातूरचाच वकील. त्याआधीच, 1946 मध्ये, बिलोलीजवळच्या अर्जापूरला गोविंदराव पानसरेंचा खून पडला होता. जानेवारी 1948 मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटली, ती लढ्याला पैसा हवा म्हणून.

निझामाच्या सरकारनं चोरून शस्त्रं आणायला एका ऑस्ट्रेलियन वैमानिकाला धरलं. त्याचं नाव सिडनी कॉटन. हाच माणूस दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर विमानातून जर्मनीचे गुप्त फोटो काढून इंग्लंडला देत होता. आता तो रात्री-अपरात्री कराचीहून बंदुका घेऊन हैदराबादेत उतरू लागला.

13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौज आत शिरली. पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडलं. 17 तारखेला निझामानं शरणागती जाहीर केली. ज्यानं दोन महायुद्धांत विजयी बाजूला पैसा पुरवला, त्याचं स्वतःचं राज्य पाच दिवसही टिकलं नाही. हैदराबादची तक्रार तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढं पडून होती, आणि यार-ए-वफादारच्या मदतीला इंग्लंडचं एकही विमान आलं नाही. आपल्यासाठी तो मुक्तीचा दिवस होता आणि आहे. त्यानंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा, नांदेड भागांत निरपराध मुसलमानांची जी कत्तल झाली, तीही याच वहीत लिहावी लागेल. सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं मेलेल्यांचा आकडा 27 ते 40 हजार धरला होता.

शेवटची वीस वर्षं

भारत सरकारनं उस्मान अलीला हाकललं नाही. 26 जानेवारी 1950 पासून 1956 पर्यंत तो हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता. 1 नोव्हेंबर 1956 ला ते राज्यच तीन तुकड्यांत वाटलं गेलं. मराठवाडा मुंबई राज्यात आला, बीदर-गुलबर्गा म्हैसूरकडं गेलं, तेलंगणा आंध्रात. आज आपण ज्या सीमेवर राहतो ती तेव्हाची.

1965 च्या युद्धात निझामानं देशाला पाच टन सोनं दान दिलं, अशी गोष्ट अजूनही फिरते. कागद वेगळं सांगतात. त्यानं 425 किलो सोनं राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण रोख्यांत गुंतवलं, साडेसहा टक्के व्याजानं. रक्कम मोठीच होती आणि देशाच्या अडचणीच्या वेळी आली, त्याबद्दल मान द्यायला हरकत नाही. फक्त दान आणि गुंतवणूक हे दोन वेगळे रकाने आहेत, एवढंच आमचं म्हणणं.

24 फेब्रुवारी 1967 ला किंग कोठीत उस्मान अली वारला. अंत्ययात्रेला लाखो लोक लोटले होते. समोरच्याच जुदी मशिदीत, आईच्या कबरीजवळ त्याला पुरलं. ज्यांना त्याचा दवाखाना मिळाला, विद्यापीठ मिळालं, धरणाचं पाणी मिळालं, ते रडले. आपल्याकडं रडणारे कमी होते, आणि त्यालाही कारण होतं.

पुढच्या मे महिन्यात टपरीवर पुन्हा रशिया की अमेरिका सुरू होईल, तेव्हा हे पान आठवा. लंडनला कुणाचं पोरगं नोकरीला असेल तर त्याला सांगा, हवाई दलाच्या संग्रहालयात जाऊन ते जुनं विमान बघून ये. त्याच्या अंगावर निझामाचं नाव आहे. त्याच्या किमतीतला थोडा पैसा आपल्याही गावातून गेला होता, हे त्यावर कुठं लिहिलेलं नाही.